रिझवानभाई आणि न वाजलेला भोंगा

राळेगावहून एसटीने परतत होते, तेव्हा शबानाचा फोन आला. “ताई, अब्बू गेले...” एवढंच ती बोलू शकली. यवतमाळात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता स्वतःच प्रोग्रामिंग शिकलेले रिझवानभाई माझे गुरू होते. त्या फोनला आता दीड महिना झाला, पण राजूरच्या बाजूला एका खाणीवर त्यांच्यासोबत घालवलेली ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

खाणीतल्या विषारी वायूची सूचना देणारं यंत्र आम्ही बनवलं होतं. सलग तीनदा धोक्याचा आकडा आला की भोंगा वाजायचा. प्रोग्राम माझा होता. जुनं यंत्र काढून झालेलं, पाळीचे कामगार टोप्यांवर दिवे लावून उभे. रिझवानभाईंनी चाचणीचा वायू सोडला. पडद्यावर लाल आकडा आला. एकदा, तीनदा, सहादा... भोंगा गप्प. “मशीन नंतर पाहा, माणसं खाली जाऊ द्या,” खाणीचे साहेब खेकसले. रिझवानभाई खाणीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. “भोंगा वाजल्याबिगर एकही माणूस खाली जानार नाही, साहेब. चूक माझी हाय. म्या तपासलं नाही.”

मी लॅपटॉप उघडून प्रोग्राम चाळू लागले. रिझवानभाई माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, “गिनती कुठं ठेवली?”

“आकडा तपासणाऱ्या फंक्शनच्या आत. सुरुवातीला शून्य.”

“मंग दर खेपेले फंक्शन नव्यानं चालते अन् गिनती पुन्हा शून्य. एकाच्या पुढं जाईन कशी? तिले स्टॅटिक कर.”

“पण गिनती तर बदलायला हवी! स्टॅटिक म्हणजे स्थिर ना?”

“आकडा नाही, जागा स्थिर. साधं व्हेरिएबल, म्हंजे आकडा ठेवाची जागा, फंक्शन संपलं की पुसल्या जाते. स्टॅटिकची जागा प्रोग्राम चालू हाय तवर तिथंच राह्यते. शून्य एकदाच, मंग मागचा आकडा पुढच्या खेपेले सापडते. म्हून ते नाव.”

एक शब्द वाढवला. पुन्हा वायू सोडला. एक... दोन... तिसऱ्या आकड्याला भोंगा असा किंचाळला की पुढचे कामगार दचकून मागे सरले. रिझवानभाई मटकन खाली बसले. तेव्हा कळलं, तेही माझ्याइतकेच घाबरले होते.

परवा रिझवानभाईंच्या दुकानात गेले. शबाना त्यांच्या टेबलाशी उभ्यानेच एका रेडिओच्या तारेला सोल्डरचा डाग देत होती, शेजारी त्यांचं स्टूल रिकामं. “बस ना,” मी म्हटलं.

“बसीन, ताई... आज नाही.”