आईचा हार आणि दादाची लाल गाडी

काल सकाळी बालाघाटला चहा घेताना नातीने मोबाइलवर एक लाल गाडी दाखवली. सेकंडहँड, स्पोर्ट्स मॉडेल, आजी बघ ना किती भारी... मला एकदम माझा दादा आठवला आणि चहा तसाच निवून गेला.

साठच्या दशकातली गोष्ट. भरवेलीच्या खाणीवरचे एक इंग्रज साहेब मायदेशी निघाले आणि त्यांची कापडी टपाची विलायती गाडी दादाने घेतली. रेसमध्ये पळवायची गाडी म्हणे. दादा सरकारी ओव्हरसियर, घरात आम्ही सहा माणसं, आणि गाडीत सीटा दोन... काय बोलणार.

खाणीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक सोमाजीभाऊ ती गाडी वर्षानुवर्षं सांभाळत होते. त्यांनी दादाला आधीच सांगितलं होतं, "गाडी लाख हाय जी, पण हिले रोज पाहा लागते. तुमाले नाही जमणार." दादा म्हणाला, तुम्ही तुमच्या खाणीच्या मशिनी बघा. असा त्याचा तोरा.

मग सुरू झाले भोग. गाडी इतकी बुटकी की बैलगाडीच्या चाकोरीत तिचं पोट घासायचं. कार्बोरेटर दोन, आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. एक साधा पाण्याचा रबरी पाइप कलकत्त्याहून यायला दीड महिना लागला... तोवर गाडी अंगणात आणि शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली. शेवटी दादा मुकाट्याने सोमाजीभाऊंकडे गेला आणि त्यांनीच तो पाइप बसवून दिला.

त्याच आठवड्यात माझा इंटरव्ह्यू होता, खैरलांजीच्या शाळेत मास्तरीण म्हणून. बाबांनी एकच संधी दिली होती. नोकरी लागली तर ठीक, नाही तर एक स्थळ तयारच होतं आणि मला ते मुळीच नको होतं. आई बाबांपुढे काही बोलायची नाही, पण ती माझ्या बाजूने होती हे मला ठाऊक होतं.

सकाळची बस होती. पण दादा म्हणाला, "बसनं काहून जाते? मी सोडतो, तासाभरात पोचशीन." मी पण भुलले... त्या गाडीतून शाळेच्या दारात उतरायचं म्हणजे काय थाट.

आई पहाटेच उठली होती. तिने गाडीची पूजा केली, आणि कण्हेरीची फुलं अन् आंब्याची पानं ओवून केलेला हा एवढा जाड हार पुढच्या जाळीवर बांधला. तो घसरू नये म्हणून मागे नव्या खणाची घडी दाबून बसवली. "काम झाल्याशिवाय काढू नका," म्हणाली. आम्ही दोघं पाया पडून निघालो.

मे महिन्याचं ऊन. वारासिवनी मागे टाकली आणि थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ यायला लागली. मग गाडी एकदा थरथरली आणि थांबली ती थांबलीच. समोरून बालाघाटकडे जाणारी बस गेली, आणि खिडक्यांतून सगळ्यांनी आम्हाला नीट पाहून घेतलं.

दादा बॉनेट उघडून नुसता बघत होता. मी रडत नव्हते, पण घड्याळाकडे बघवत नव्हतं. त्या नको असलेल्या माणसाचा फोटो डोळ्यांपुढे येत होता.

तेवढ्यात मागून सायकलवर सोमाजीभाऊ आले. सुट्टीसाठी आपल्या गावी आले होते, आणि गाव तिथून जवळच. "आवाज वळखला मी. मंग येकदम बंद झाला, म्हणून आलो," एवढंच म्हणाले. दादाला एक शब्दही टोचून बोलले नाहीत.

पुढे जाऊन त्यांनी जाळीकडे पाहिलं आणि सगळं कळलं. इंजिन थंड ठेवणारी हवा आत जायची वाटच आईने बुजवली होती... आणि आम्हा दोघांच्या डोक्यात ते आलं नव्हतं. दादा रागाने हार ओढायला गेला, तर त्यांनी त्याचा हात धरला. स्वतः हळूच गाठी सोडल्या, हार खणात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "राहू द्या ताई. आईचा हाय."

मग इंजिन निवू दिलं, शेतातल्या विहिरीचं पाणी आणून भरलं, आणि गाडी सुरू झाली. शेवटचं नाव पुकारत होते तेव्हा मी पोचले. हार मांडीवर घेऊनच मुलाखत दिली... आणि नोकरी लागली.

पुढच्या रविवारी सोमाजीभाऊ गाडी बघायला घरी आले. गाडी रस्त्यात बंद पडल्याचं बसमधल्या लोकांनी आईच्या कानावर घातलंच होतं. तिने विचारलं, गाडी काहून बंद पडली? दादा तोंड उघडणार, तेवढ्यात सोमाजीभाऊ म्हणाले, "पाइप मीच ढिला लावलता, बाई."

आईने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. माझ्या पोरीचं नशीब तुमच्या पाइपावर होतं, म्हणाली. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि नंतर तिने दिलेला चहा शांतपणे प्यायले.

दादाने त्यांना फाटकापाशी गाठलं. काहून खोटं बोलले जी? ते सायकलवर बसता बसता म्हणाले, "पाइपाले वाईट वाटत नाही, साहेब."

गाडी वर्षभरात विकली. दादाने घेणाऱ्याला तिची एकूण एक खोड सांगितली आणि सोमाजीभाऊंचा पत्ता दिला. मी मात्र खैरलांजीत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, लग्नही माझ्या मर्जीने केलं.

आई शेवटपर्यंत म्हणायची, सोमाजी माणूस चांगला, पण हात ढिला. दरवेळी मला सांगावंसं वाटायचं, आणि दरवेळी मी गप्प बसायचे. त्यांनी जे स्वतःवर घेतलं होतं ते मी कशी खाली उतरवणार...

नातीला म्हटलं, गाडी घ्यायची तर घे, पण आधी तिला ओळखणारा माणूस शोध. आज आई नाही, दादा नाही, सोमाजीभाऊही नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. भाऊ, तुमचे उपकार मी जन्मभर बाळगले. पाइप घट्टच होता.