रिकाम्या पेटीची पूजा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास मी ज्या टेबलावर केला, ते खरं म्हणजे टेबल नव्हतं. जूचंद्रच्या आमच्या भाड्याच्या खोलीत, बाबांनी मस्कतहून आणलेल्या हत्यारांच्या पेट्या एकीवर एक ठेवलेल्या होत्या. वरची पेटी खालच्या पेटीवर नेमकी बसायची, आणि बाजूच्या खिट्या लावल्या की सगळ्यांची मिळून एकच वस्तू व्हायची. वर स्क्रू आणि बिट, मग जिगसॉ, मग ग्राइंडर. ड्रिल मशीनची पेटी बाबांनी तळाला ठेवली होती.

कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात एका फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम करताना बाबांचे जोडीदार शॉक लागून गेले. मी त्यांना काका म्हणायचे. त्या वेळी हेच ड्रिल त्यांच्या हातात होतं. तेव्हापासून बाबा कामाला गेले नव्हते. आईच्या शिलाईवर घर चाललं होतं. मी कॉलेज सोडायचं का, हे अजून कोणी बोललं नव्हतं. पण ते बोलणं जवळ येतंय, असं मला वाटायचं.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. कॉलेजातून परत आले की तळच्या खिट्या मी सकाळी पाहिल्या होत्या तशा नसायच्या. एखादी अर्धवट लागलेली असायची. बाबा खिडकीशी बसलेले असायचे आणि त्यांच्या खांद्यावर पांढरी धूळ असायची. कदाचित मलाच भास होत असेल, असं मी स्वतःला समजवायचे.

खंडेनवमीला आई म्हणाली, "उचल तुझी पुस्तकं. आज तुझ्या टेबलाची पूजा आहे."

एरवी आम्ही हत्यारं बाहेर काढून मांडायचो. या वर्षी आईने पेट्या उघडू दिल्या नाहीत. बाहेरूनच पूजा करू, म्हणाली. आम्ही खिट्या काढून पेट्या ओळीने ठेवल्या. ड्रिलची पेटी आईने स्वतः, हात न लावता, पायानेच पुढे सरकवली, मग पाय लागला म्हणून तिला नमस्कार केला. प्रत्येक झाकणावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. बाबा सकाळीच बाहेर पडले होते.

पेट्या पुन्हा रचायला मी तळची पेटी उचलली आणि माझा तोल गेला. ती हलकी होती.

झाकण उघडलं. आत ड्रिलच्या आकाराची खाच होती, मुठीची, नळीची, गुंडाळलेल्या वायरची. ड्रिल नव्हतं. आईने त्या खाचेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "रिकाम्याला कुंकू लावलं गं मी. जा, बघ कुठे आहेत ते."

शेजारच्या मावशींनी बाबांना ड्रिल घेऊन मिठागराकडच्या अर्धवट बिल्डिंगकडे जाताना पाहिलं होतं. आजच्या दिवशी देवसुद्धा हत्यार खाली ठेवतो, तुझा बाप काय देवापेक्षा मोठा कारागीर, असं त्या हसत म्हणाल्या.

त्या बिल्डिंगला दारं नव्हती, वीजही आली नव्हती. भर दुपार होती, तरी जिन्यात गारवा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाबा भिंतीला ड्रिल टेकवून उभे होते. खांदा पुढे, सगळा भार हातांवर. आवाज काहीच नाही. वायर जमिनीवर पसरलेली आणि प्लग धुळीत पडलेला. भिंतभर बारीक टोचे होते, सगळे छातीच्या उंचीवर.

मागे न वळता ते म्हणाले, "बटन बंद आहे ना, बघ."

"बाबा, इथे बटनच नाही."

त्यांनी ड्रिल खाली घेतलं. मग म्हणाले, "तुझा काका शिडीवर होता. वरून म्हणाला, चालू कर. बटन मी दाबलं."

हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. घरी त्यांनी ड्रिल खाचेत बसवलं. झाकणावरचं कुंकू बोटाने टिपून मशीनला लावलं आणि खिट्या लावल्या.

दसऱ्याला सकाळी त्यांनी माझ्या पुस्तकांच्या फळीसाठी भिंतीवर पेन्सिलने खूण केली. या भिंतीतून वायर जात नाही, हे मला दोनदा दाखवलं. प्लग खोचला. रबरी चपला घातल्या. मला वाटलं, आता मला बाजूला व्हायला सांगतील.

"मी धरतो," ते म्हणाले. "बटन तू दाब."

आई दारात उभी होती. बाबांनी टोक खुणेवर टेकवलं. मी भिंतीवरच्या बटनावर बोट ठेवलं.

"चालू कर."

मी डोळे उघडे ठेवले आणि बटन दाबलं.