धारूरकर मॅडम आणि करमाडच्या मायलेकी

शैलजा धारूरकर मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची माझी पहिली ओळख माझ्या फजितीची आहे. मी त्यांच्या हाताखाली रुग्णालयात नवा फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झालो तेव्हा शहर चहूकडे वाढत होते आणि नळाला आठवड्याने पाणी येत होते. मॅडम घरून उकळलेल्या पाण्याचा कॅन आणत. पहिल्याच दिवशी मी तो पिऊन अर्धा केला. "प्या हो, प्या," त्या म्हणाल्या, "पण आता पेशंटची उपकरणं कशानं धुवायची?"

करमाडची चौदा वर्षांची रेणुका आमच्याकडे येई. तिला सिस्टिक फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसांत चिकट कफ साचत राहणारा जन्मजात आजार. श्वासाचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून मॅडमनी तिला स्प्रिंगचे छोटे उपकरण दिले होते. स्प्रिंग जितकी घट्ट, तितका श्वास ओढायला जड. शाळेची सहल दौलताबादला जाणार होती आणि रेणुकाला किल्ला चढायचा होता. मॅडम हो म्हणाल्या तरच नेऊ, असे शाळेने कळवले होते.

घरच्या व्यायामाची नोंद ठेवायच्या वहीत स्प्रिंग दर आठवड्याला घट्ट होत होती. मी खूश. मॅडमनी मात्र रेणुकाला जिना चढायला लावला आणि ती पहिल्याच मजल्यावर मटकन बसली. तिच्या आईंना रडू फुटले. "वहीत घट्ट लिवायचे, पन म्याच सैल करत व्हते, मॅडम. पोरगी लई धापते, बघवत नाय."

मी रागाने तोंड उघडणार, तोच मॅडमनी मला नजरेनेच गप्प केले. त्यांनी एक नवे उपकरण आईंच्या हाती दिले. "तुम्ही ओढून बघा." आईंनी ओढले, धापा टाकल्या आणि डोळे पुसत हसल्या. "व्हय की. धाप लागती, पण मरत नाय कुणी."

त्या वर्षी मॅडमनी सहलीला नकार दिला. रेणुका महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मॅडम तरी रोज आईंना फोन करून चालणे, व्यायाम आणि या आजारात घामातून फार मीठ जाते म्हणून उन्हातले मीठ-पाणी विचारत राहिल्या. एवढी चिकाटी माझ्यात नाही, हे मी कबूल करतो.

पुढच्या वर्षी त्यांनी होकार दिला. गुडघे दुखत असल्याने त्या आईंबरोबर किल्ल्याच्या पायथ्याशी थांबल्या, मीही होतो. दुपारी माथ्यावरून रेणुकाचा फोन आला. तिला बोलताच येईना. "बोलू नकोस. आधी श्वास घे," म्हणत मॅडम फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"काय म्हणती वो?" आई घाबरून गेल्या.

"काही नाही. दमलीये. छान दमलीये," म्हणत मॅडमनी फोन आईंच्या कानाला लावला.

मॅडम, तुम्हाला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. गुडघ्यांचे व्यायाम मात्र आता आम्ही सांगू तसे करायचे.