रमण्यातलं गवत

माझ्या वडलांना मी खुनी म्हणालो होतो. दूध डेअरीपुढं, चार लोकांत.

आज आबांना जाऊन तेरा दिवस झाले.

काल मी पहिल्यांदा त्यांच्या रमण्यात गेलो. तिकीट काढून, परक्यासारखा.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. नेकनूरच्या पुढं, आमच्या गावाला लागून जहागीरदारांची जुनी जागा आहे. दगडी भिंत, मधे बारादरी, घोड्यांची पागा, बाकी सगळा गवताळ माळ. निजामाच्या काळात जहागीरदार तिथं हरणं मारायचे, म्हणून लोक त्याला रमणा म्हणतात. पुढं ती जागा सरकारजमा झाली आणि वनखात्यानं काळवीट-मोरांसाठी राखली. आता तिथं शाळांच्या ट्रिपा येतात.

आबा तिथले वॉचमन.

आणि आम्ही पिढीजात मेंढरं राखणारे. गाव म्हणायचं, चोराच्या हाती किल्ल्या दिल्या. आबापण हसायचे.

मग दुष्काळाचं, छावणीचं साल आलं.

डेअरीच्या सोसायटीनं चारा छावणी उघडली, पण त्यात फक्त गायी, म्हशी, बैल. शेळ्या-मेंढ्यांना एन्ट्री नाही. आमची साठ मेंढरं माळावर नुसती माती हुंगत फिरायची. आणि भिंतीच्या पलीकडं गुडघाभर वाळलेलं गवत उभं.

मी वीस वर्षांचा, डोकं लई गरम. म्हटलं, आबा, एक दिवस गेट उघडा.

ते म्हणाले, "एकाला उघडलं की समद्यांना उघडावं लागंल. दोन दिसात माळ भुंडा हुईल. मग फुडं काय?"

पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. वनखात्याच्या साहेबांच्या मागं लागून त्यांनी परवानगी आणली. आत चारायचं नाही, विळ्यानं कापून न्यायचं. सोसायटीनं चिठ्ठ्या दिल्या. ज्याच्या घरी मेंढरं, त्याला रोज एक भारा.

आता माझी अक्कल ऐका.

आमच्यात मेंढराला गवत कापून घालत नाहीत. मेंढरू हिंडून खातं. कापून आणायचं ते फक्त आजारी नाहीतर नुकत्याच व्यालेल्या मेंढीला. मेंढक्यानं हातातली काठी टाकून डोक्यावर भारा घ्यायचा म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा नाही, असं आम्ही मानायचो. तरी दोन घरांनी लाज सोडून विळे उचलले.

मी नाही उचलला. मी काय गवत कापायला जन्मलोय का, म्हणालो.

"लेका, लाज चार दिसाची असती," आबा म्हणाले. "कळप गेला तर माघारी न्हाई यायचा."

दुसऱ्या दिवशी मी कळप घेऊन माजलगावकडं निघालो. आईनं भाकरी बांधून दिल्या. आबा भिंतीपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

दीड महिना कॅनॉलच्या कडेनं फिरलो. आधी उसाचं वाढं मिळालं, मग तेही छावण्यांना जायला लागलं. एका दुपारी ज्वारी काढलेलं रान दिसलं. खोडांना हिरवे कोंब फुटलेले. कडक उन्हातले ते कोंब मेंढराला विष असतात, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

मेंढरं धावली आणि मी अडवली नाहीत. म्हटलं, उपाशी आहेत, चार घास खाऊ दे.

तासाभरात एकेक आडवं पडायला लागलं. पोटं फुगली, तोंडाला फेस. मी नुसता ह्याच्याकडून त्याच्याकडं पळत होतो. जी सात-आठ उरली ती तिथल्याच एका मेंढक्याला देऊन टाकली.

एसटीनं घरी आलो. मेंढक्यानं एसटीनं घरी यायचं, यापेक्षा वाईट काय असतं, सांगा.

डेअरीपुढं उतरलो तर आबा समोरून आले. मी ओरडलो, "सरकारची हरणं जगवली तुमी. माझ्या मेंढरांचे खुनी तुमीच."

ते माघारी रमण्याकडं वळले.

महिन्याभरात मी परळीला गेलो, थर्मल वीज केंद्राच्या राखेत कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली. सणाला यायचो, आईशी बोलायचो, जेवायचो, निघायचो. आबा दर वेळी म्हणायचे, एकदा रमण्यात चल, मोर दावतो. मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

अकरा वर्षं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

काल भागवतमामा भेटले. आबांच्या बरोबरीचे वॉचमन. मला पागेत घेऊन गेले आणि भिंतीकडं बोट करून म्हणाले, "हितं तुझं गवत व्हतं."

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

मी कळप घेऊन गेलो त्या दिवसापासून आबा ड्यूटी संपली की आमच्या चिठ्ठीचा भारा स्वतः कापायचे. रोज. भावकी हसली तरी कापायचे. पागेत नीट रचून ठेवायचे. पोरगं माघारी येईल तेव्हा मेंढरं थकलेली असत्याल, त्यांना आयतं घालू, म्हणायचे. दीड महिन्यात छतापर्यंत गंजी लागली होती.

मी डेअरीपुढं ओरडलो, त्या सकाळचा भारापण आत ठेवलेला होता.

नंतर चार दिवस आबांनी त्या गवताला हात लावला नाही म्हणे. मग स्वतःच्या डोक्यावर एकेक भारा घेऊन भावकीच्या मेंढरांना वाटून टाकला.

मी विचारलं, "मामा, मला कामून सांगितलं न्हाई त्यांनी?"

"मी म्हणलो व्हतो, सांग त्याला. तर म्हणला, पोराचा कळप गेलाय. त्यात हे सांगून अजून कामून जाळू त्याला?"

पागा आता झाडून स्वच्छ केलीय. ट्रिपची पोरं तिथं डबे खात बसली होती. मी त्यांच्यासमोर रडलो. मास्तर पाणी घेऊन आले.

आबा, चूक माझी होती. कोंब मी खाऊ दिले. तुमी न्हाई.

एवढंच वाक्य होतं. अकरा वर्षांत तुमच्यासमोर उभं राहून मला म्हणता आलं नाही. आज इथं लिहितोय, सगळे वाचतील.

तुमाला तर वाचतापण येत नव्हतं.

माफ करा आबा. तुमच्या पोराचा शेवटचा नमस्कार.