नदीच्या खालच्या अंगाचा परिच्छेद

बहरीनमध्ये, अदलिया भागातल्या एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर बसून मी अमेरिकेतल्या लहान शहरांचा इतिहास-भूगोल लिहिते. अमेरिका मी पाहिलेली नाही. आमच्या ऑफिसात कुणीच पाहिलेली नाही. तिकडे घरं विकणाऱ्या कंपन्यांना वेबसाइटसाठी प्रत्येक शहराची माहिती हवी असते आणि ती इथून स्वस्तात लिहून मिळते. साचा ठरलेला आहे. शहर कुठे वसलं, नदी कोणती, रेल्वे आल्यावर काय वाढलं, कोणता कारखाना होता, हवा, शाळा, बागा. शेवटी, कुटुंबासाठी उत्तम. प्रत्येक शहर कुटुंबासाठी उत्तमच असतं.

माझी एक सवय आहे. नकाशा उघडला की नदी शहरातून बाहेर कुठे पडते ते मी आधी बघते. आमच्या गावात आमची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला होती. वर गावाचा पाणवठा, त्याखाली जनावरं, त्याखाली धुणं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पाणी आमचं. आता नळ आले आहेत. वस्ती तिथेच आहे.

या वेळचं शहर मक्याच्या शेतांमध्ये होतं, विटांच्या भट्ट्यांवर वाढलेलं. नदी दक्षिणेला रेल्वेचे रूळ ओलांडून बाहेर पडत होती आणि नेमकी तिथेच एक मोठी हिरवीगार बाग होती. बागेत मधोमध एक लहानसं चर्च. आजूबाजूला एकही घर नाही. घरं नसलेल्या जागी चर्च कोण बांधेल? मी त्या चर्चपाशी अडकले.

त्या गावच्या लायब्ररीने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवली होती. दोन दिवस मी तीच वाचत बसले. भट्टीवर विटा भाजणारे काळे मजूर त्या बागेच्या जागी राहत होते. विटा त्यांच्या, शहर त्या विटांचं, पण शहरात खोली भाड्याने मिळायची नाही. मग पूर आला. पाणी रुळांच्या दोन्ही बाजूंना शिरलं, पण राहायला अयोग्य ठरली ती एकच बाजू. नोटिसा निघाल्या, घरं पाडली गेली, चर्च तेवढं राहिलं. बाग झाली आणि बागेसाठी पूर अडवणारा बांधही झाला. माणसं होती तोवर बांधाला पैसे नव्हते.

मी हे सगळं एका परिच्छेदात लिहिलं. लायब्ररीचे दुवे जोडले.

आमचे संपादक वसईचे, ख्रिश्चन, वीस-बावीस वर्षं बहरीनमध्ये काढलेले. मी सनाबिसला तीन मुलींबरोबर खोलीत राहते आणि त्यांचं घर त्याच रस्त्यावर पुढे आहे, म्हणून संध्याकाळी ते मला गाडीतून सोडतात. त्या संध्याकाळी सीफच्या मॉलपाशी गाड्या तुंबल्या होत्या.

"बाय, हे काय लिहिलंस?" ते म्हणाले. "घर घ्यायला आलेल्या माणसाला तू बागेखाली कुणाची घरं होती ते सांगणार?"

"खरं आहे ते. कागदपत्रं जोडलीत."

"खोटं आहे असं कोण म्हणतंय? आमच्या वाडीवर आज टॉवर उभा आहे. त्याच्या जाहिरातीत माझ्या आजोबांचा फोटो छापा सांगू?"

"फोटो नको. एक ओळ तरी मागायची होती."

ते हसले. "पत्रकं वाचून वाढलेली पोरगी! तुझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी मूठ असते, बघ."

ते खरंच होतं. माझे वडील तालुक्याच्या गावी छापखान्यात खिळे जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले, घड्या घालता घालता.

सिग्नल सुटला. संपादकांचा आवाज उतरला. "मी हे काढणार नाही. तू ठरव. ठेव म्हणालीस तर उद्या सकाळी जसंच्या तसं पाठवतो. क्लायंट तुटेल. मग तुझ्या व्हिसाच्या रिन्यूअलवर मालक सही करेल का, ते मला विचारू नकोस."

"म्हणजे माझ्या हातून करवून घेताय."

"हो. माझ्या हाताने खूप काढून झालं."

रिन्यूअल बारा दिवसांवर होतं. वडिलांचा छापखाना कधीच बंद पडला आहे आणि घर माझ्या पगारावर चालतं. हे कारण मी स्वतःला त्या रात्रीपुरतं दिलं. पण खरं सांगायचं तर मला परत जायचं नव्हतं. मला हे टेबल, हा एसी, माझ्या नावाचं हे कार्ड हवं होतं.

सकाळी मी परिच्छेद काढला. नुसता काढला असता तरी चाललं असतं. पण रिकामी जागा मला बघवेना, म्हणून मी तिथे एक वाक्य लिहिलं: 'शहर सोडताना नदी एका निवांत बागेतून जाते आणि जुनं चर्च तिला निरोप देतं.' क्लायंटला ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते सगळ्यात वर घेतलं. व्हिसा झाला. संपादकांनी दोन दिवस मला गाडीत गाणी ऐकवली.

महिनाभराने वडिलांचा फोन आला. वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाचं चार पानांचं पत्रक निघतं, त्यात लेकीने लिहिलेलं अमेरिकेचं शहर छापायचं होतं. "मराठीत करून धाड. पोरांनी वाचलं पाहिजे."

मी मराठीत केलं. निरोपाचं वाक्य गाळलं आणि परिच्छेद परत घातला. नुसता घातला नाही, वाढवला. भट्टीची धग घातली, नोटिशीची भाषा घातली, बांधाला पैसे नव्हते हे दोनदा लिहिलं. मूठ होती तिथे दोन मुठी केल्या. इथे ना क्लायंट होता, ना सही. जिथे माझं केसभरही वाकडं होणार नव्हतं, तिथे मी शूर झाले.

पत्रक निघालं त्या दिवशी वडिलांनी फोन केला. मागे माणसांचा गलका होता.

"वाघिणीवानी लिहिलंस, पोरी! विहारात मोठ्यानं वाचून दाखवलं मी. त्या चर्चपाशी आल्यावर सगळ्यांनी परत वाचायला लावलं बघ." मग त्यांनी विचारलं, "अन् त्या अमेरिकावाल्यांनी हे असंच छापलं? एक अक्षर बी न काढता?"

छापखान्यात जन्म काढलेला माणूस. कुठल्या ओळीवर कात्री येते हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं.

"हो," मी म्हणाले. "असंच छापलं."

"जिंकलीस लेकी," ते म्हणाले, आणि मागे वळून ओरडून सगळ्यांना सांगायला लागले.