मंडईच्या नाटकाचं पहिलं पान

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईला नाटक लागतंच. आमगावजवळच्या आमच्या गावात वीस वर्षं ते नाटक मी लिहितो, असं लोक मानतात. खरं सांगू? झूट आहे सगळं. माझा थोरला भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत संवाद बोलायचा, मी ओट्यावर बसून उतरवून घ्यायचो. जरा थांबलो की तो खेकसायचा, "समोर?" म्हणजे पुढं चल. त्या एका शब्दाच्या धाकानं पानं भरायची.

आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला त्यानं. उन्हाळ्यात घशात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. घरी आल्या आल्या नातीची पाटी ओढून लिहिलं, 'यंदाबी मी नाटकात उभा राहीन. लिही.' डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, पुढच्या वर्षीच्या मंडईचा भरवसा धरू नका.

आणि मला एक ओळ सुचेना! रोज सकाळी आंघोळ करून वही उघडायची, पेन झटकायचा, धानाच्या बांधीत पाणी आहे का ते बघून यायचं, परत बसायचं, चहा मागायचा. बायको म्हणाली, "नाटक लिहून राहिले का चहा पिऊन राहिले?" तिच्यावर ओरडलो आणि गोठ्यात जाऊन रडलो. पन्नाशीचा माणूस मी. माझीच मला लाज वाटली.

एकदा जोर करून चार पानं लिहिली. सवयीनं भावाच्याच तोंडी लांबलचक भाषण घालून बसलो. गाढवच मी! त्यानं वाचलं, वही मिटली, माझ्या मांडीवर ठेवली. दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही.

काल सकाळी पाटी घेऊन समोर उभा. 'मुका बाप लिही. बाकीचे बोलतीन.'

"मुक्याचं काय लिहू, भाऊ? नाही होत माझ्याच्यानं. सोड न बापा आता!" मी हात जोडले.

त्यानं पाटी ठेवली आणि अंगणात चालायला लागला. फाटकापाशी थांबला. लांब जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, काही आलं नाही. मग खाली वाकून लोटा उचलला आणि दगडावर आपटला. परत आपटला.

माझा हात आपोआप वहीवर गेला. 'लेक सासरी निघते. बाप फाटकात येतो. हाक येत नाही. लोटा आपटतो.' पान भरलं.

आजवर तो बोलायचा, मी लिहायचो. काल पहिल्यांदा मी वाचलं आणि त्यानं ऐकलं. लोट्यापर्यंत आलो आणि थांबलो. वर बघितलं. तो घामाघूम, खांबाला धरून उभा. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण तो शब्द ओळखायला मला आवाज कशाला पाहिजे?

मी पान उलटलं.