फिलोमिनाने मला सांगितलं होतं

चूक माझी होती. आधी तेवढं लिहून टाकतो, कारण मला माझा स्वभाव ठाऊक आहे — कारणं आधी सांगत बसलो, तर शेवटी चूक कोणाची हे तुमच्याही लक्षात राहणार नाही आणि माझ्याही. गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नव्हती. चार वर्षं मी ती एकटाच घेऊन हिंडलो. खिशात घेऊन, असंच म्हणा. ते का, ते पुढे कळेल.

मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहतो. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका ऑफिसात पंचवीस वर्षं नोकरी केली. नातेवाइकांत माझी ओळख एकच — साळवी म्हणजे कागदाला पक्का माणूस. कोणाचा पासपोर्ट असो, कोणाचा विम्याचा फॉर्म असो, तो माझ्याकडे येतो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

माझे थोरले भाऊ गेल्यापासून वहिनी भाईंदरला, इंद्रलोकमध्ये एकट्या राहतात. त्यांची मुलगी केतकी लग्न होऊन मस्कतला गेली. तिचं पहिलं बाळंतपण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या दिवसांत नवव्या महिन्याच्या बाईने विमानाने इकडे येणं शक्य नव्हतं. तेव्हा माहेरच तिकडे जायचं ठरलं. वहिनींनी डिंकाचे लाडू केले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. तिकीट झालं, व्हिसा झाला. राहिली होती फक्त कोरोनाची टेस्ट. ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे येणार?

टेस्ट करून देणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. त्यातला कोणता घ्यायचा हे पारखणं फार अवघड नव्हतं, हे मी आज सांगतो. कोणत्या लॅबच्या रिपोर्टला विमानवाले हो म्हणतात, ते त्यांच्या साइटवर होतं. रिपोर्टवर पासपोर्टचा नंबर हवा, नमुना घेतल्याची वेळ हवी, आणि मस्कतसाठी क्यूआर कोड हवा — तो मोबाइलने स्कॅन केला की मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. मीरा रोड स्टेशनजवळच्या एका मोठ्या लॅबमध्ये हे सगळं मिळत होतं. मी यादी वाचली होती. पेन्सिलने खुणाही केल्या होत्या.

आणि तरी मी फोन केला तो फिलोमिनाला.

फिलोमिना उत्तनची, भाईंदरपलीकडच्या समुद्राकाठच्या गावची. एका छोट्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. इंद्रलोकमधल्या वीसेक घरांत तिचं जाणं-येणं होतं. सगळे तिला 'ब्लडवाली सिस्टर' म्हणायचे. वहिनींची शुगर तीच तपासायची. सुई कधी टोचली ते कळायचं नाही, आणि जाताना पिशवीतून सुके बोंबील काढून द्यायची. मी फोन केला, तेव्हा ती सरळ म्हणाली, "काका, आमचा रिपोर्ट इथं चालतो, गल्फला न्हाय चालत. तुम्ही मोठ्या लॅबला जावा." मी म्हटलं, तू नमुना तर घे, बाकीचं मी बघतो.

बाकीचं मी बघतो! केवढा रुबाब. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो, ती म्हणजे कागदावरच्या निम्म्या गोष्टी कोणी वाचत नाही. शिक्का दिसला की पुढे सरकवतात. मला वाटलं, काउंटरवरचा पोरगा नाव बघेल, 'निगेटिव्ह' बघेल, सोडून देईल. माझ्या धंद्यातल्या माणसालाच अशी चूक सुचते — ज्याला या खाचाखोचा माहीत नाहीत, तो बिचारा नियम पाळतो.

पण हे खरं कारण नाही. बघा, अजूनही मी फिरतोच आहे त्याच्याभोवती.

गुरुवारी फिलोमिना वहिनींचा नमुना घेऊन गेली. त्या संध्याकाळी तिचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. मग तिने व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप पाठवला. मी तो दोनदा ऐकला. विमान शनिवारी दुपारचं होतं, म्हणजे शुक्रवारचा अख्खा दिवस हातात होता. शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढून त्या मोठ्या लॅबकडे गेलोही. रांग बघायची आणि वहिनींना रिक्षाने बोलावून घ्यायचं, असा बेत. रांग फुटपाथवरून वळून मागच्या गल्लीत गेली होती. त्यात एक माणूस मास्क हनुवटीवर ओढून खोकत होता. नुसता खोकत होता. मी स्कूटरवरून उतरलोही नाही.

मी घाबरलो. हे खरं कारण. वहिनींना रांगेत उभं करायचं, तर शेजारी मलाही उभं राहावं लागलं असतं. आमच्या मजल्यावरचे दोन जण त्या वर्षी गेले होते. माझ्या मनात वहिनी नव्हत्या, केतकी नव्हती, फक्त माझी छाती आणि त्या माणसाचा खोकला होता. मी स्कूटर वळवली आणि येताना भाजी घेऊन आलो — मेथी आणि लाल भोपळा. असलं काय काय लक्षात राहतं, नाही?

शनिवारी विमानतळाच्या काचेच्या दाराशी मी वहिनींना सोडलं आणि बाहेर थांबलो. पाऊण तासाने त्या ट्रॉली ढकलत परत आल्या. चेहऱ्यावर ते प्लॅस्टिकचं आवरण, आत वाफ धरलेली. रिपोर्टवर कोड नाही म्हणून काउंटरवरून मागे पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, "भावोजी, असं कसं झालं?"

मी काही ठरवून आलो नव्हतो, शपथेवर सांगतो. पण तोंडातून लगेच आलं, "त्या उत्तनच्या मुलीने फसवलं आपल्याला. म्हणाली होती, चालेल."

किती सोपं होतं ते! वहिनींनी एकदाही उलटून विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

मग त्या स्वतः त्याच मोठ्या लॅबच्या रांगेत उभ्या राहिल्या. दोन मास्क लावून मीही उभा राहिलो, मला काहीही झालं नाही. पुढचं तिकीट गुरुवारचं मिळालं. केतकीला मंगळवारी मुलगी झाली. अख्खी रात्र कळा देत होती, जवळ फक्त नवरा, तोही दाराबाहेर. वहिनी दोन दिवस उशिरा पोचल्या. लाडू पोचले, दुपटी पोचली. पण ज्या रात्रीसाठी आईने जायचं असतं, ती रात्र निघून गेली होती.

मी एवढ्यावर तरी थांबावं? भावाच्या पश्चात त्यांच्या फ्लॅटची कामं मी बघतो, म्हणून त्यांच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मीही आहे. तिथे मी हिंदीत लिहिलं, गुजराती-मारवाडी सगळ्यांना कळावं म्हणून: या सिस्टरपासून सावध राहा, खोटं सांगून टेस्ट करायला लावते. बावीस अंगठे आले. आठवड्याभरात वॉचमनने तिला गेटवरून परत पाठवलं. तिच्या लॅबने तिला भाईंदरच्या फेरीवरून काढलं, हे मला पुढे औषधाच्या दुकानात कळलं. मी खोकल्याचं औषध घेतलं आणि घरी आलो.

तिचा तो निरोप मात्र मी पुसला नाही. फोन बदलला, तेव्हा जुन्यातून नव्यात घेतला. का? पुरावा तर माझ्याच विरुद्ध होता. कधी कधी वाटतं, तो पुसला असता, तर मग मी खरोखरच खोटा झालो असतो. पण हेही कारणच झालं. सोडा.

गेल्या महिन्यात केतकी मुलीला घेऊन आली होती. ईरा आता चार वर्षांची आहे, मिनिटाला एक प्रश्न. मी इंद्रलोकला गेलो, तेव्हा नवीन लॅबचा माणूस नुकताच जाऊन वहिनी दंडावर कापूस दाबून बसल्या होत्या. तीनदा टोचलं होतं त्याने. म्हणाल्या, "त्या उत्तनच्या पोरीचा हात काय हलका होता! फसवलं नसतं, तर अजून तीच येत असती."

ईराने लगेच विचारलं, "आजी, कोणी फसवलं?"

आणि वहिनींनी तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला सुरुवात केली. तू यायची होतीस ना, तेव्हा आजी विमानात बसायला निघाली होती, पण एक होती सिस्टर… माझं खोटं माझ्यासमोर एका लहान मुलीला गोष्ट म्हणून सांगितलं जात होतं. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तिला ते पुढे जन्मभर तसंच आठवलं असतं.

मी म्हटलं, "वहिनी, थांबा." आणि फोन काढून तो निरोप लावला.

"काका, फिलोमिना बोलते. फोन उचलत न्हाय तुम्ही, म्हणून ह्यात बोलते. परत सांगते, आमचा रिपोर्ट मस्कतला चालाचा न्हाय, त्याच्यावर कोड येत न्हाय. उद्याचा दिवस हाय अजून. मावशींना मोठ्या लॅबला घेऊन जावा, संध्याकाळपर्यंत देतात ते. मावशींची वेळ चुकवू नका हां काका. पोरीची पहिली खेप हाय."

वहिनींनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग मी सगळं सांगितलं — रांग, खोकणारा माणूस, स्कूटर, भोपळासुद्धा. केतकी उठून आत गेली. वहिनींनी दंडावरचा कापूस काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही नुसतं घाबरलो म्हणाला असतात, भावोजी, तर मी एकटी उभी राहिले असते की रांगेत." आणि थोड्या वेळाने, "मला काय सांगताय? तिला सांगा."

त्याच रात्री मी ग्रुपवर लिहिलं. तशाच हिंदीत, स्वतःच्या नावाने, खाली तिचा निरोप जोडून. पहिलं उत्तर आलं, "कौनसी सिस्टर, अंकल?" चार वर्षांत लोक विसरूनही गेले होते. म्हणजे वहिनी सोडल्या, तर ती बदनामी फक्त दोघांच्याच लक्षात होती. तिच्या, आणि माझ्या.

रविवारी भाईंदरहून बस पकडून उत्तनला गेलो. खाडीवरचा वारा खिडकीतून येत होता आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. इतकं की, त्याचीच लाज वाटली. घर विचारत विचारत सापडलं. फिलोमिना आता तिथल्याच एका डॉक्टरकडे काम करते. दारात मला बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"चार वर्षं लागली, काका? चालत आलात काय?"

मी बोलायला सुरुवात केली, तर तिने हात वर करून थांबवलं. "मला म्हाईत हाय ते. मी काय बोलले, ते मला म्हाईत हाय. माझ्या आयला न्हाय म्हाईत. ती आजून म्हणते, तू कायतरी केलं असशील, त्याशिवाय कोण गेटवरून हाकलील. तिला सांगा."

अंगणात बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते. तिची आई पार दुसऱ्या टोकाला होती, ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकत. मधे शेजारच्या बायका होत्या, एक पोर सायकल फिरवत होतं. मी जवळ जायला निघालो, तर फिलोमिना म्हणाली, "हितूनच बोला. ग्रुपवर कसं, सगळ्यांसमोर बोललात ना?"

बायका हात थांबवून बघायला लागल्या. मी चपला काढल्या. का काढल्या, माहीत नाही. आणि त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"मावशी, मी मीरा रोडचा साळवी. तुमच्या मुलीने मला दोनदा खरं सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. घाबरलो मी, आणि खोटं तिच्या नावावर टाकलं. तिने काहीही केलं नव्हतं. मी तिची माफी मागतो, आणि तुमचीही."